घरची हकीकत आणि कादंबरी

आपल्या मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात पंगत उठल्यावर वडीलधारी मंडळी ओसरीवर बसली म्हणजे ज्या गोष्टी निघतात, त्या ऐकून तरुणांपैकी कोणीतरी हटकून म्हणतो, ‘यावर एक कादंबरी होईल.’ नांदेड आणि लातूर ह्या दोन्ही जिल्ह्यांतील आपल्या कुटुंबांत अशा हकीकतींचा तुटवडा नाही. निजामी अमल, रझाकारांचा काळ, पोलीस कारवाई, बहात्तरचा दुष्काळ, किल्लारीचा भूकंप, एवढे सगळे ज्यांच्या घरावरून गेले त्यांना कल्पित कथानक शोधीत बसण्याचे कारणच काय? परंतु हकीकत असणे निराळे आणि तिची कादंबरी होणे निराळे. ह्या दोहोंमधील वाट पूर्वी कोणी कशी चालली आणि त्या वाटेवर काय काय सांडते, याचा थोडासा इतिहास प्रस्तुत लेखात सांगण्याचा विचार आहे.

मराठी कादंबरीचा आरंभच मुळी ‘ही खरी हकीकत आहे’ असे भासविण्यातून झालेला आहे. बाबा पदमनजी यांचे ‘यमुनापर्यटन’ १८५७ साली निघाले, त्यात विधवांची दुःखे प्रवासात ऐकलेल्या वृत्तांतांच्या रूपाने येतात. पुढे हरिभाऊ आपट्यांनी ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी लिहिली ती यमू नावाच्या स्त्रीने आपले चरित्र आपणच सांगावे तशा थाटात. ती वाचताना ही बाई खरोखरच कोठेतरी होऊन गेली असावी, असे अनेकांना वाटले. योगायोग असा की, जिची खरी हकीकत पुढे मराठीतील एका गाजलेल्या कादंबरीचा विषय झाली, तिचेही माहेरचे नाव यमुनाच होते. तिला आपण डॉ. आनंदीबाई जोशी म्हणून ओळखतो.

ह्या उदाहरणापाशी थोडे थांबले पाहिजे, कारण खऱ्या घरातील गोष्टीची कादंबरी कशी होते ते ह्यात जितके स्पष्ट दिसते तितके दुसरीकडे क्वचितच दिसेल. आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजी झाला. कल्याणच्या ह्या मुलीचे लग्न नवव्या वर्षी गोपाळराव जोशी ह्या पोस्टखात्यातील बिजवराशी झाले. पत्नीला शिकवीन, एवढा एकच ध्यास त्या गृहस्थाने घेतला. अलिबाग, कोल्हापूर, भूज, कलकत्ता, श्रीरामपूर अशा बदल्या होत राहिल्या आणि अभ्यास चालू राहिला. तेराव्या-चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांत गेले, आणि त्या दुःखातून वैद्यक शिकण्याचा निश्चय झाला. १८८३च्या एप्रिलमध्ये कलकत्त्याहून ती एकटी बोटीत बसली, आणि ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी तिने घेतली. क्षयाने पोखरलेल्या शरीराने ती परत आली ती २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात देह ठेवण्यासाठीच. वय बावीसही पूर्ण नव्हते. तिची रक्षा अमेरिकेत, जिला ती मावशी म्हणे त्या कार्पेंटरबाईंच्या कौटुंबिक दफनभूमीत, पुकिप्सी येथे ठेवलेली आहे.

आता पाहा. मृत्यूनंतर वर्षभरातच, म्हणजे १८८८ साली, कॅरोलिन डॉल ह्या अमेरिकन बाईंनी तिचे चरित्र इंग्रजीत प्रसिद्ध केले. मराठीत काशीबाई कानिटकरांनी चरित्र लिहिले, पत्रे छापली. म्हणजे साधने हाती होती, तारखा हाती होत्या, पत्रव्यवहार हाती होता. असे असूनही श्री. ज. जोशी यांना १९६८ साली ‘आनंदी गोपाळ’ ही कादंबरी लिहावीशी वाटली आणि चरित्रे ज्यांनी कधी उघडली नव्हती अशा हजारो घरांत ती वाचली गेली. चरित्राने जे सांगितले नव्हते असे कादंबरीने काय सांगितले?

माझ्या अल्पमतीप्रमाणे त्याचे उत्तर शीर्षकातच आहे. चरित्र आनंदीबाईंचे होते, कादंबरी दोघांची आहे. आनंदीबाईंनी अमेरिकेहून नवऱ्याला लिहिलेल्या पत्रांत एक पत्र असे आहे की, त्यात लहानपणी त्यांच्या हातून लाकडाने खाल्लेल्या माराची, अंगावर फेकलेल्या पुस्तकांची आणि खुर्च्यांची आठवण तिने शांतपणे दिली आहे. आणि तरीही त्या वागणुकीला बरे म्हणावे की वाईट, याचा निकाल देणे आपणास कठीण वाटते असेही कळविले आहे. ज्याने मारले त्यानेच घडविले. चरित्रकार अशा ठिकाणी एक परिच्छेद लिहून पुढे जातो, कारण त्याला पुढची तारीख गाठावयाची असते. कादंबरीकार त्याच परिच्छेदात बिऱ्हाड करतो. गोपाळरावांचा हट्टीपणा, विक्षिप्तपणा, लोकांना डिवचण्याची हौस आणि ह्या सर्वांखाली असलेली बायकोवरील विलक्षण श्रद्धा, ही जोश्यांनी एकाच माणसात नांदविली. नायक उजळ करावा म्हणून त्यांनी मार लपविला नाही, आणि मार दाखविला म्हणून त्याला खलनायकही केले नाही.

ह्यात धोका नाही असे नव्हे. आज आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे जे गोपाळराव उभे राहतात ते कादंबरीतले, किंवा २०१९च्या चित्रपटातले. रात्री दिव्यापाशी नवराबायको काय बोलली असतील ते जोश्यांनी रचले, दप्तरात ते कोठेही नाही; पण वाचकाच्या मनात ते दप्तरापेक्षाही पक्के बसले. कादंबरी एकदा लोकप्रिय झाली की ती मूळ माणसाच्या जागी जाऊन बसते. आपल्या आजोबा-पणजोबांवर लिहू इच्छिणाऱ्याने हे आधीच ध्यानात घ्यावे. त्यांच्या नातवंडांची नातवंडे त्यांना तुमच्याच पुस्तकातून ओळखणार आहेत.

हा रचण्याचा अधिकार कोठपर्यंत, ह्या प्रश्नाचा कसून विचार ज्यांनी केला त्यांत आपल्या नांदेडच्या नरहर कुरुंदकरांचे नाव घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही. रणजित देसाई यांच्या ‘श्रीमान योगी’ला कुरुंदकरांची जी प्रदीर्घ प्रस्तावना आहे ती वस्तुतः त्यांनी लेखकाला लिहिलेले पत्र होय. वसमतजवळच्या कुरुंद्याचा हा माणूस नांदेडात प्रतिभा निकेतन शाळेत शिक्षक होता, पुढे पीपल्स कॉलेजात गेला आणि प्राचार्य झाला. (शाळामास्तराने असे काही लिहावे याचा आम्हां मास्तर मंडळींना आजही अभिमान वाटतो, तो वाचकांनी गोड मानून घ्यावा.) विषय शिवछत्रपतींचा, म्हणजे साऱ्या महाराष्ट्राच्या घरचा. तरीही पत्राचा रोख भक्तीचा नाही, छाननीचा आहे. कोणते साधन कधीचे, कोणी कोणत्या हेतूने लिहिले, आख्यायिका कोठे शिरली, हे आधी निवडून घ्यावे आणि मगच कल्पनेला हात घालावा, अशी ती शिस्त आहे. राजघराण्यातील सावत्रपणा आणि बाप-लेकांतील ताण यांकडेही ते डोळे मिटून घेत नाहीत. जी छाननी छत्रपतींच्या घराला लावता येते ती आपल्या चार खणांच्या घराला लावण्यास काय हरकत आहे?

कुटुंबाची अब्रू हा प्रश्न केवळ आपल्याकडचा आहे, असेही कोणी समजू नये. जर्मनीत ल्युबेक नावाचे व्यापारी शहर आहे. तेथील धान्याच्या व्यापाऱ्याच्या घरात जन्मलेल्या थॉमस मान याने १९०१ साली, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, ‘बुडेनब्रुक्स’ ही आपल्याच घराण्याच्या चार पिढ्यांवर बेतलेली कादंबरी प्रसिद्ध केली. त्यासाठी त्याने जुने कागद गोळा केले आणि बहिणीकडून आत्याची सारी हकीकत लिहून मागविली. नावे बदलली होती, तरी गावाने माणसे ओळखली. कोणते पात्र म्हणजे कोण, याच्या याद्या शहरात हातोहात फिरल्या. बारा वर्षांनी, १९१३ साली, त्याच्या सख्ख्या चुलत्याने वर्तमानपत्रात जाहिरात देऊन, पुतण्याने आपली नालस्ती केली आहे, असा निषेध नोंदविला. पुढे १९२९ साली त्याच लेखकाला नोबेल पारितोषिक मिळाले तेव्हा मुख्यतः ह्याच पुस्तकाचा उल्लेख झाला. चुलत्याचे दुःख मात्र खोटे नव्हते. आपल्याकडे चुलते जाहिरात देत नाहीत, सुतकालाही येईनासे होतात, एवढाच काय तो फरक.

आता मूळ मुद्द्याकडे, म्हणजे आपल्या भागाकडे वळतो. नांदेड-लातूरकडील कोणत्याही घराची खरी हकीकत १९४८ला वळसा घालून जाऊ शकत नाही. त्या वर्षी जानेवारीत स्वातंत्र्यसैनिकांनी उमरीची बँक लुटली, सरहद्दीवर उमरखेडपासून बार्शी-सोलापूरपर्यंत कॅम्प उघडले गेले, रझाकारांच्या भयाने गावेच्या गावे उठून इंग्रजी मुलखातून नुकत्याच स्वतंत्र झालेल्या प्रदेशात गेली. १३ सप्टेंबरला भारतीय फौजा शिरल्या आणि १७ सप्टेंबरला निजाम शरण आला. इथवरची कथा प्रत्येक घरात सांगितली जाते, आणि ती सांगितलीच पाहिजे. परंतु त्यानंतरच्या आठवड्यांची कथा आपल्या ओसऱ्यांवर ऐकू येत नाही. पंडित सुंदरलाल यांची समिती त्याच वर्षाच्या अखेरीस ह्या प्रदेशात हिंडली. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर व नांदेड हे चार जिल्हे सर्वाधिक होरपळल्याचे तिने नोंदविले आणि मृतांचा अंदाज २७ ते ४० हजारांचा दिला. हे मृत बहुतांशी मुसलमान होते. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातच होते. तो अहवाल अनेक दशके प्रसिद्धच झाला नाही.

आमच्या घरी दर दसऱ्याला हातमशीनची पूजा होते आणि त्या मशीनची गोष्ट सांगितली जाते. १९४८च्या उन्हाळ्यात आमची आजी-आजोबा तीन लेकरांसह रात्रीच्या गाडीने पैनगंगेचे कोरडे पात्र ओलांडून उमरखेडला गेली. मशीन बरोबर नेणे शक्य नव्हते. ती शेजारच्या पिंजाऱ्याच्या घरी कापसाच्या ढिगाखाली ठेवली. दसऱ्याच्या सुमारास परत येऊन पाहतात तो घराची दारेखिडक्या गेलेल्या, पण मशीन शाबूत! ‘मशीन वाचली म्हणून आपण वाचलो’ ह्या वाक्याने गोष्ट संपते आणि आरती होते. शिंप्याच्या घराला ह्याहून मोठे वाक्य ते कोणते?

आजीने म्हातारपणी, एकदाच, उरलेली अर्धी गोष्ट माझ्या आईला सांगितली. मशीन परत आणून दिली ती पिंजाऱ्याने नव्हे, त्याच्या बायकोने. गोधडीत गुंडाळून, डोक्यावर घेऊन ती आली. पिंजारी तेव्हा नव्हता. तो कोठे आहे असे आजोबांनी विचारले नाही आणि तिनेही सांगितले नाही. त्याच आठवड्यात ती दोन मुलांना घेऊन गाव सोडून गेली. गावात तिचे घर होते त्या जागेवर पुढे दुसऱ्याची गोठ्याची पडवी आली.

कुटुंबकथा कशी घडते ते ह्यात दिसते. ती खोटे सांगत नाही, योग्य ठिकाणी थांबते, एवढेच. ह्या मशीनवर आपल्यापैकी कोणा तरुणाने उद्या कादंबरी लिहावयास घेतली तर तिचा प्राण दसऱ्याच्या वाक्यात नाही. विचारला न गेलेल्या त्या प्रश्नात आहे. आजोबांनी का विचारले नाही? भीतीने, लाजेने, की उत्तर ठाऊक होते म्हणून? इतिहासकाराला येथे मौन पत्करावे लागेल, कारण कागद नाही. कादंबरीकाराला मात्र आत जाता येते, किंबहुना तेवढ्यासाठीच त्याची गरज. पण तो आत गेलाच तर आपल्या आजोबांना सोयीचे उत्तर घेऊन बाहेर येऊ नये. काही वडील मंडळी म्हणतील, झाले गेले, आता उकरावे कशाला? त्यांचा मी आदर करतो. मात्र त्या बाईने उसना ठेवा परत केला आणि आपण तिचे नाव गोष्टीतून वगळले, हा हिशोब शिंप्याच्या मापात बसत नाही.

हयात माणसांविषयी लिहिणे ह्याहून नाजूक. कागलच्या आनंद यादवांनी ‘झोंबी’त आपलेच घर उभे केले. बापाचा मार, आईचे हाल, भावंडांची रांग आणि शाळेसाठी केलेली झुंज, काहीही झाकले नाही. १९९० साली त्यास साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. स्वतःचे घर होते, स्वतःचे वळ होते, त्यामुळे ते सांगण्याचा त्यांचा हक्क वाचकांनी मान्य केला. त्याच यादवांनी पुढे तुकोबारायांच्या जीवनावर ‘संतसूर्य तुकाराम’ लिहिली, त्यातील तरुणपणाच्या काही कल्पित वर्णनांवरून वारकरी समाजात क्षोभ झाला, पुस्तक मागे घ्यावे लागले आणि २००९च्या महाबळेश्वर साहित्य संमेलनाचे निवडून आलेले अध्यक्षपदही त्यांना सोडावे लागले. दोन्ही बाजूंनी त्या वेळी जे बोलले गेले त्याची उजळणी येथे नको. लेखक तोच, कसब तेच; स्वतःच्या बापाविषयी जे चालले ते सर्वांच्या बापाविषयी चालले नाही.

कायद्याचीही गोष्ट सांगून ठेवतो, कारण ती पुष्कळांना ठाऊक नसते. मृत माणसाची बदनामी होत नाही असा समज चुकीचा आहे. जुन्या दंडसंहितेच्या ४९९व्या कलमात आणि आता १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३५६व्या कलमात स्पष्टीकरण आहे की, मृताविषयी केलेला आरोप, तो जिवंत असता तर त्याच्या लौकिकास बाधक ठरला असता आणि कुटुंबीयांच्या वा निकट नातेवाइकांच्या भावना दुखविण्याच्या हेतूने केलेला असेल, तर ती बदनामी होऊ शकते. तेव्हा वाटणीच्या तंट्यात चुलत्याने कागद फिरवला अशी हकीकत असेल तर पुस्तकात चुलत्याचे नाव, गाव, गट क्रमांक आणि मिशीची ठेवण हे सगळे बदलावे. नुसते नाव बदलून भागत नाही, हे ल्युबेककरांनी दाखवून दिलेच आहे.

भाषेविषयी लिहिताना लातूरजवळच्या काटगावचे रा. रं. बोराडे यांची ‘पाचोळा’ आठवते. १९७१ साली आलेली ही कादंबरी एका खेड्यातील शिंप्याच्या घराची वाताहत त्याच्या बायकोच्या, पारबतीच्या, तोंडून सांगते. कोणा एका घरची ती नोंद आहे असा माझा दावा नाही. परंतु आपल्या ज्ञातीतील ज्या ज्या घरी मी ती वाचून दाखविली, तेथे कोणीतरी बाई मध्येच ‘हे आमच्याच घरचं’ म्हणालीच. यात आश्चर्य नाही. आपल्या घरांच्या हकीकती पुरुष सांगतात तेव्हा त्यात वाटण्या, कोर्ट, मशीन आणि जमीन येते. बाई सांगते तेव्हा त्या दिवशी चुलीवर काय होते, कोण उपाशी निजले, कोण कोणाशी किती दिवस बोलले नाही, हे येते. कादंबरीला दुसरेच अधिक लागते. शिवाय बोराड्यांनी ही बाई पुस्तकी मराठीत बोलविली नाही. आमच्यासारखे मास्तर असते तर तिचे व्याकरण सुधारून मोकळे झाले असते!

म्हणून लिहू इच्छिणाऱ्यांनी प्रथम घरातील म्हाताऱ्या बायकांपाशी बसावे, आणि त्यांच्याच शब्दांत उतरून घ्यावे. त्यानंतर कागद. १९९३च्या ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारी परिसरात जी दगडमातीची घरे बसली त्यांच्याखाली माणसांबरोबर ट्रंकाही गेल्या, आणि त्या ट्रंकांत मोडीची बाडे, लग्नाच्या याद्या, हाली रुपयांतील हिशोब होते. औसा, उमरगा भागातील आपल्या कित्येक कुटुंबांपाशी पुनर्वसित गावातील घराच्या उताऱ्याअगोदरचा एकही कागद नाही. त्यांनी तहसिलीतून १९५४-५५चे खासरा पाहणी पत्रक मागावे, जमीन कसणाऱ्यांची नावे त्यात मिळतात. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत पूर्वजांच्या सह्या सापडतात. सीमाभागाकडे हेळवी अजून येत असतील तर त्यांच्याकडून वंशावळ ऐकून टिपून घ्यावी, मात्र ती पडताळल्याशिवाय छापू नये.

निजामी कागदांवर सन फसली असतो. त्यात ५९० मिळविले म्हणजे इसवी सन येतो. परंतु वर्ष ऑक्टोबरात आजूर महिन्याने सुरू होत असल्याने, जानेवारीपासून पुढच्या महिन्यांना एक अधिक धरावा लागतो. १३५७ फसली म्हणजे १९४७चा ऑक्टोबर ते १९४८चा सप्टेंबर. कोणाकडे त्या सालचा कागद असेल आणि उर्दू वाचता येत नसेल, तर पुढील मेळाव्यास येताना मूळ प्रत घरी ठेवून छायाप्रत आणावी. जुने मोडी व उर्दू जाणणारे दोन वृद्ध गृहस्थ आपल्यात अजून आहेत, आणि दुपारच्या पंगतीनंतर ते बसावयास तयार आहेत.